लोलो रोसो गड्डा धरत नाही, त्याची वाट पाहू नका

तुमच्या तीन तक्रारी आहेत: लोलो रोसोचं, म्हणजे सॅलडसाठीच्या लाल, झालरदार पानांच्या लेट्यूसचं, निम्मंही बी उगवलं नाही, आलेली रोपं लाल व्हायच्या ऐवजी हिरवीच राहिली आणि दोन महिने झाले तरी गड्डा न धरता पानं कडू झाली. शेवटच्या तक्रारीपासून सुरू करतो, कारण खरं नुकसान तिथे झालंय.

हे सुट्या पानांचं लेट्यूस आहे, ते गड्डा कधीच धरत नाही. तुम्ही वाट पाहत राहिलात आणि तोवर पानं जून झाली. पेरणीनंतर साधारण 45-50 दिवसांनी बाहेरची पानं पंजाएवढी झाली की काढायला लागायचं. सकाळी, पानं पाण्याने टरारलेली असताना, एकेक पान बुडाशी धरून खाली ओढलं की कट्‌कन तुटतं. मधली पाच-सहा कोवळी पानं ठेवायची, म्हणजे रोप पुन्हा भरतं. तुटल्या जागी पांढरा चीक दिसेल. कडवटपणा त्यातच असतो. ऊन तापलं, दिवस मोठा झाला, की रोप फुलोऱ्याच्या तयारीला लागतं आणि चीक आणखी कडू होतो.

आता बी. तुम्ही बोटाच्या पेराएवढं खोल पेरलंत असं लिहिलंय, ते फार झालं. लेट्यूसच्या बियांना उगवायला उजेड लागतो. 1952 साली अमेरिकेत बेल्ट्सव्हिल इथल्या सरकारी कृषी संशोधन केंद्राच्या शास्त्रज्ञांनी 'ग्रँड रॅपिड्स' या अशाच झालरीच्या लेट्यूसवर प्रयोग केले. भिजलेल्या बियांवर लाल प्रकाश पाडला की त्या उगवायच्या, त्यानंतर अतिलाल (लालच्याही पलीकडचा, डोळ्यांना जेमतेम दिसणारा) प्रकाश पाडला की थांबायच्या. कितीही वेळा आलटून पालटून केलं, तरी निकाल शेवटच्या प्रकाशावर ठरायचा. मला हा प्रयोग फार आवडतो, एवढुशा बीमध्ये केवढी जाण! आपल्यापुरतं एवढंच, की बी ओल्या मातीवर टाकून हलकेच दाबा आणि वर चिमूटभर बारीक माती भुरभुरा.

दुसरं कारण उष्णता. माती तीस अंश सेल्सिअसच्या पुढे तापली तर भिजलेलं बीसुद्धा झोपून राहतं. तापलेल्या दिवसांत पेरायचंच असेल तर ओल्या कागदात गुंडाळून एक-दोन दिवस फ्रिजमध्ये (फ्रीझरमध्ये नव्हे) ठेवा, मग पेरा. रोपांना चार-पाच पानं आली की 20-25 सेंटीमीटर अंतराने लावा. दाटीत वारा खेळत नाही आणि झालरींमध्ये मावा लपून बसतो.

लाल रंगासाठी भरपूर उजेड आणि गारवा दोन्ही हवेत. तुमची कुंडी मोठ्या झाडाच्या सावलीत आहे, म्हणून पानं हिरवी राहिली. सकाळचं ऊन मिळेल अशा जागी हलवा, भर दुपारी मात्र आडोसा द्या. मुळं वरवरच असतात, त्यामुळे पाणी थोडं पण रोज. एक दिवस कोरडं आणि दुसऱ्या दिवशी चिखल असं झालं, की आतल्या कोवळ्या पानांच्या कडा करपतात. तो रोग नसतो. वाढत्या कडांपर्यंत कॅल्शियम पोचत नाही, म्हणून तसं होतं. त्यावर औषध मारत बसू नका.

स्वयंपाकघरात या झालरींचा त्रासही आहे आणि गंमतही. त्यात बारीक माती अडकते. पानं मोठ्या पातेल्यात पाण्यात बुडवा, हलवा, पाच मिनिटं तशीच राहू द्या आणि मग पानं वर उचलून घ्या. पाणी पानांवरून ओतलंत तर तळाशी बसलेली माती परत झालरीत जाते. पानं नीट कोरडी करा, कारण तेल-लिंबाचं मिश्रण याच चुण्यांत धरून राहतं आणि पाणी असेल तर ते पातळ होऊन खाली गळतं. मीठ-लिंबू वाढतानाच घाला, आधी घातलं तर पानं मान टाकतात. चव किंचित कडसर असते, तिला संत्र्याच्या फोडी आणि भाजलेले अक्रोड फार छान साथ देतात. शिजवू मात्र नका.

कडू झालेली रोपं उपटू का, असं विचारलंत. मधला दांडा वर चढला असेल तर खाण्यासाठी ती गेली. पण एक चांगलं रोप ठेवा. त्याला छोटी पिवळी फुलं येतील. ती बहुतेक स्वतःच्याच परागांनी फळतात, त्यामुळे बी सहसा जातीला धरून येतं. फुलं मिटल्यावर दोन-तीन आठवड्यांत पांढरा पिसारा दिसला, की फांदी कागदी पिशवीत वाकवून झटका.