ओठाच्या कडेला सारखे फोड येतात, घरगुती उपाय काय?

तुम्ही लिहिलंय की दर दोन महिन्यांनी ओठाच्या कडेला पाणीदार फोडांचा झुपका येतो, सासूबाई म्हणतात उष्णता झाली, आणि डॉक्टरकडे जाण्याआधी घरातलं काही करून बघायचंय. मी कॉलेजपासून हेच भोगतेय.

तोंड येणं वेगळं, ते आतून, गालाला-जिभेला येतं आणि एकाचं दुसऱ्याला लागत नाही. हे बाहेरचे फोड हर्पीस सिम्प्लेक्स विषाणूचे. बहुतेकांना तो लहानपणीच, कुणाच्या तरी पाप्यातून मिळतो आणि चेहऱ्याच्या मज्जातंतूच्या गाठीत जन्मभर दडून बसतो. ताप, दगदग, पाळी, कडक ऊन, काहीतरी निमित्त झालं की वर येतो. गुलकंद, सब्जा खुशाल घ्या, पण त्यानं तो थांबत नाही. माझं निमित्त ऊन. मे महिन्यात गावी गेले की तिसऱ्या दिवशी फोड हजर! एसपीएफ ३० चा लिप बाम लावायला लागल्यापासून बराच फरक आहे.

चुना लावू नका. एका लग्नाच्या आदल्या रात्री मावशीच्या सांगण्यावरून मी पानाच्या डब्यातला चुना लावला होता. फोड राहिला तो राहिलाच, वर कातडी भाजली. सगळ्या फोटोंत माझा पदर तोंडाशी आहे. लसूण, लिंबू, टूथपेस्ट त्याच माळेतले.

मधाचं लोक फार सांगतात. न्यूझीलंडमध्ये ९५२ जणांवर चाचणी झाली, २०१९ साली छापून आली. तिथल्या कानुका झाडाच्या मधानं फोड साधारण ९ दिवसांत बरा झाला, असायक्लोविर या विषाणूविरोधी मलमानं ८ दिवसांत. म्हणजे मध जवळपास मलमाइतकाच, असं वाटेल. पण मुळात मलमानंच जेमतेम अर्धा-एक दिवस वाचतो, आणि काही न करताही हे आठ-दहा दिवसांत जातंच.

मी करते ते एवढंच. फोड दिसायच्या आधी ओठ चुणचुणतो, तेव्हाच रुमालात गुंडाळलेला बर्फ पाच-दहा मिनिटं धरते. ठणका आणि सूज कमी होते. खपली धरली की ती हसताना तडकू नये म्हणून साजूक तूप किंवा व्हॅसलीन, कापसाच्या काडीनं. त्याच बोटानं डोळा चोळू नका, लेन्स लावत असाल तर हात धुतल्याशिवाय मुळीच नाही. फोड डोळ्याजवळ आला तर घरी वेळ घालवू नका.

तुमचं वर्षाला सहा वेळा होतंय, तेव्हा डॉक्टरांना विषाणूविरोधी गोळ्यांबद्दल विचाराच. चुणचुण सुरू होताच घेतल्या तर त्या मलमापेक्षा बऱ्या.

आणि घरात तान्हं बाळ असेल तर खपली पडून कातडी नीट होईपर्यंत त्याचा पापा नाही म्हणजे नाही. भाचीच्या बारशाला मी बाळाला दारातूनच बघून आले. ताई दोन दिवस रुसली होती.