वाचक विचारतात : आंगणातले गट्टू (पेव्हर ब्लॉक), पांढरी पावडर अन् वरचं लॅकर

प्रश्न : नमस्कार भाऊ. आम्ही दर्यापूर तालुक्यात राहतो. घरामागं बागेला लागून १० बाय १२ फुटाचं छोटं आंगण करायचं आहे, संध्याकाळी खुर्च्या टाकून बसता येईल असं. जमीन काळी, पाणी बोअरचं अन् खारं. दुकानदार म्हणते चमकदार रंगीत गट्टू घ्या अन् बसवल्याबरोबर लॅकर मारा, मग वर पांढरी पावडर येत नाही. मिस्त्री म्हणते मातीवरच दगडाची चुरी टाकून दोन दिवसात बसवून देतो. शेजारच्यांचे असेच बसवलेले गट्टू एका पावसाळ्यात खालीवर झाले, पांढरे पण पडले, म्हणून भीती वाटून राहिली. कोणते गट्टू घेऊ, अन् लॅकर मारू का नको?

उत्तर : ताई, लॅकरचा विषय सगळ्यात शेवटी येतो, त्याचे पैसे आत्ता जमिनीत घाला. शेजारच्यांचे गट्टू खालीवर झाले त्यात गट्टूचा दोष बहुतेक नसेलच. काळी माती पाणी पिऊन फुगते अन् उन्हाळ्यात आकसून भेगाळते, दरवर्षी हेच चालू राहते, अन् तिच्यावर चुरीचा नुसता पातळ थर देऊन काहीही बसवलं तरी ते मातीसोबत वरखाली होणारच. मिस्त्रीला स्पष्ट सांगा की निदान फूटभर काळी माती काढायची, तिथं मुरूम भरायचा, पण एकदम सगळा ओतून नाही, ४ ते ६ इंचाचा थर टाकायचा, पाणी मारायचं, धुम्मसनं नाहीतर भाड्याच्या प्लेट कॉम्पॅक्टरनं ठोकायचं, मग दुसरा थर. तुमच्या १२० चौरस फुटाला ठोकून बसलेला मुरूम १२० घनफूट लागते, म्हणजे आणताना मोकळा दीड ब्रास (१५० घनफूट) धरा. काढलेली माती फेकू नका, बागेतच पसरवा.

तुमचा भाग खारपाणपट्ट्यातला, म्हणजे जमिनीत अन् पाण्यात क्षार जास्त, म्हणून एक काम जास्तीचं सांगतो. खालची ओल क्षार घेऊन वर चढते अन् वर आल्यावर पाणी उडून जाते, क्षार राहते. ती चढण तोडायला मुरूमावर २० एमएम गिट्टीचा ३ इंचाचा थर द्या, मोठ्या फटींतून ओल वर ओढली जात नाही. गिट्टीवर आधी बारीक चिप पसरून फटी बुजवा, नाहीतर वरची रेती खाली झिरपते अन् गट्टू खचते. मग रेतीचा १ ते दीड इंचाचा थर, सरळ पाइप फिरवून एकसारखा केलेला, त्याच्यावर चालायचं नाही. चुरी वापरायचीच असेल तर पिठासारखा बारीक भुगा नको, तो ओल धरून ठेवते, जाड दाण्याची धुतलेली घ्या. उतार घरापासून दूर, फुटाला पाव इंच, म्हणजे १२ फुटात ३ इंच. अन् चारही बाजूंनी काँक्रीटची पक्की कड हवीच, कड नसली की कडेचे गट्टू सरकायला लागते अन् मग सगळे मोकळे होते.

आता गट्टू. नुसतं बसायचं आंगण असेल तर ५० एमएम जाडीचे एम-३० (ही काँक्रीटच्या मजबुतीची ग्रेड) पुरते, पण मोटरसायकल किंवा कार कधी आत येणार असेल तर ६० एमएमचे एम-३५ घ्या, आयएस १५६५८ या मानकात हलक्या रहदारीला हेच सांगितलं आहे. चमकदार गट्टू प्लास्टिकच्या साच्यात ओतलेले असते, दिसायला सुंदर, पण ओले झाले की पाय सटकते, घरात म्हातारं माणूस किंवा लहान पोर असेल तर मी ते घेऊच नका म्हणेन. मशीनवर दाबलेले खरखरीत घ्या. रंग फिक्का निवडा, गडद गट्टू मे महिन्यात इतके तापते की अनवाणी पाय ठेववत नाही. लाल-पिवळा रंग लोह ऑक्साइडचा असेल तर उन्हात टिकते, स्वस्तातला दुसरा रंग दोन उन्हाळ्यात उडते.

ऑर्डर देण्याआधी दोन-तीन गट्टू घरी आणा. दोन एकमेकांवर आपटून पाहा, खणखण वाजायला पाहिजे, भद्द वाजला तर परत करा. मग एक गट्टू चार दिवस कडक उन्हात वाळवा, किराणा दुकानाच्या काट्यावर वजन करा, २४ तास पाण्यात बुडवून ठेवा, वरून पुसून परत वजन करा. त्याच मानकात पाणी पिण्याची मर्यादा सरासरी ६ टक्के आहे, म्हणजे ४ किलोच्या गट्टूनं २४० ग्रॅमच्या वर पाणी प्यायला नको. लॅबमध्ये भट्टीत वाळवून करतात तितकं हे नेमकं नाही, पण घरच्या काट्यावरच मर्यादा ओलांडली तर तो माल भुसभुशीत आहे समजा, त्याच्यावर मग कितीही महागाचं लॅकर मारा.

पांढऱ्या पावडरीचं म्हणाल तर नवीन सिमेंटमधला चुना पाण्यात विरघळून वर येते, हवेतल्या कार्बन डायऑक्साइडशी मिळून पांढरा थर धरते. तो काही रोग नाही, धुण्यानं अन् पावसानं हळूहळू कमी होते. दुकानदाराच्या सांगण्यावरून बसवल्याबरोबर लॅकर मारलं तर तोच चुना फिल्मखाली अडकते, धुरकट डाग दिसते अन् मग लॅकर खरवडून काढल्याशिवाय इलाज राहत नाही. म्हणून फेब्रुवारी-मार्चमध्ये बसवा, एक पावसाळा वरून जाऊ द्या, अन् कोटिंग करायचंच असेल तर दिवाळीनंतर करा. तोपर्यंत पांढरं दिसलं तर आधी कोरड्या कडक ब्रशनं झाडून काढा, मग धुवा. संडासचं ॲसिड ओतू नका, ते सिमेंटच खाते. अन् धुवायला, शिंपायला बोअरचं खारं पाणी नको, नाहीतर एकीकडं काढाल अन् दुसरीकडं घालाल, नळाचं किंवा पावसाचं साठवलेलं वापरा.

कोटिंगमध्ये दोन जाती आहेत. ॲक्रेलिक लॅकर वर थर धरते, रंग खुलते, पण खालून ओल अन् क्षार आले की पापडीसारखं सुटते अन् ओल्यात सटकते. दुसरं सिलेन-सिलोक्सेनचं, ते आत मुरते, चमक येत नाही, पाणी अडवते पण वाफ बाहेर जाऊ देते. तुमच्या जमिनीला पहिलं नकोच. दुसरं पण सगळीकडं मारायची गरज मला वाटत नाही, जिथं हळद-तेल सांडते, पापड-कुरडयाचा घाट घालता किंवा गाडीचं ऑइल गळते तेवढ्या कोपऱ्याला मारा, तुळशीभोवतीही चालेल. तेही आधी एका कोपऱ्यात लावून पाहा, अन् पावसाळ्यानंतरही पांढरं येतच राहिलं तर अजिबात मारू नका, आत अडकलेलं मीठ वरची कातडी उडवते. मारायच्या दिवशी सकाळचं दव पूर्ण वाळू द्या, १०-११ नंतर सुरू करा, गट्टूवर पाण्याचा थेंब टाकून पाहा, तो मुरला तरच कोटिंग मुरेल. सॉल्व्हंटवालं असेल तर जवळ चूल-बिडी काही नको, त्याची वाफ पेटते. दोन-चार वर्षांनी थेंब परत मुरायला लागला की पुन्हा एक हात.

प्रश्न : आमचं घर भंडारा जिल्ह्यात, आंब्याच्या सावलीत गट्टूचं आंगण आहे, पावसाळ्यात हिरवं शेवाळ येऊन घसरते. लॅकर मारलं तर थांबेल का?

उत्तर : नाही भाऊ, उलट जास्त घसरेल. तिथं सावली आहे, धानपट्ट्यातला पाऊस आहे, शेवाळ ओलीवर येते. खालच्या फांद्या थोड्या छाटून ऊन येऊ द्या, पाणी कुठं साचते ते पाहून तेवढे गट्टू उचलून उतार नीट करा. बुंध्याभोवती गट्टू लावले असतील तर दोन-तीन फूट मोकळं करा, मुळाला हवा-पाणी मिळते अन् मुळं गट्टू उचलत नाहीत. जून लागायच्या आधी कडक ब्रशनं घासा, बादलीभर पाण्यात मूठभर ब्लीचिंग पावडर घालून गट्टूवरच मारा, झाडाच्या आळ्यात जाऊ देऊ नका, थोड्या वेळानं धुवा, अन् वाळल्यावर फटीत कोरडी बारीक रेती झाडूनं भरा. ब्लीचिंग अन् ॲसिड एकाच दिवशी वापरू नका, दोन्ही एकत्र झाले की विषारी गॅस निघते.