बरड, मुरमाड, माळ : नाशिककडच्या जमिनीची नावं

प्रश्न असा आला आहे : "जिल्हा गॅझेटियरमध्ये नाशिक जिल्ह्यातल्या मातीचे काळी, माळ, कोरळ आणि बरड असे चार प्रकार दिलेत. त्यात बरड ही मध्यम, तपकिरी-काळसर माती म्हटली आहे. आमच्या सिन्नरकडे बरड म्हणजे धड काही न पिकणारी जमीन. मग बरड आणि मुरमाड एकच का? माळ हा मातीचा प्रकार कसा? आणि सातबाऱ्यावर यातलं काहीच का दिसत नाही?"

गॅझेटियर चुकलेलं नाही आणि सिन्नरची माणसंही चुकलेली नाहीत. ही नावं वरवर रंगाची वाटतात, पण शेतकरी ती वापरतो तेव्हा त्याला मुख्यतः दोन गोष्टी सांगायच्या असतात : खाली किती हात माती आहे आणि पडलेलं पाणी तिथे किती टिकतं. दोन्ही गोष्टी गावागणिक बदलतात, म्हणून शब्दही थोडा सरकतो. निफाडच्या काळीशेजारी जी जमीन बरड ठरते, तीच नांदगावच्या एखाद्या शिवारात बरी, मध्यम म्हणून खपेल.

आपल्या जिल्ह्याचा खडक जवळजवळ सगळा एकच, लाव्हारसाचा काळा पाषाण, सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीचा. विहीर खणताना वरून माती, मग मुरूम, मग मांजऱ्या (अर्धवट झिजलेला खडक) आणि शेवटी पाषाण लागतो. टेकडीच्या माथ्यावर झिजलेली माती पावसाबरोबर खाली जाते आणि मागे मुरूम उघडा पडतो. तो माळ. उतारावर वीतभर, हातभर माती टिकते, ते बरड. तळाला नदीकाठी पिढ्यान्‌पिढ्या साचत आलेली ती काळी. माळावरची माती लालसर दिसते, कारण तिथलं पाणी झटकन निघून जातं आणि मातीतलं लोह हवेनं गंजतं. म्हणजे माळ हे आधी जागेचं नाव आणि त्या जागेवरून मातीचं. मराठीत हे नेहमी होतं. नदीकाठच्या मळईचंही तसंच, काठ आणि तिथली गाळाची माती दोन्हींना एकच शब्द.

काळी तर याहून पुढे गेली. जुन्या कागदांत गावाची काळी आणि गावाची पांढरी अशी जोडी येते. पांढरी म्हणजे वस्तीची जागा, काळी म्हणजे कसायची शेतं. एखाद्याचं शेत लालसर मुरमाचं असलं तरी ते गावाच्या काळीतच मोडायचं. (जुन्या वस्त्यांच्या पांढऱ्या मातीची टेकाडं पुरातत्त्वाच्या अभ्यासकांना फार मोलाची वाटतात. जुन्या नाशकातली मातीची गढी 1950-51 मध्ये उत्खनली गेली ती याच ओढीनं.)

आता बरड आणि मुरमाड. मुरमाड हा शब्द मातीत काय मिसळलं आहे ते सांगतो. बरड हा शब्द जमिनीची एकूण ऐपत सांगतो : थर पातळ, ओल कमी, पीक हलकं. बरडात मुरूम बहुतेक वेळा असतो, म्हणून बोलताना दोन्ही एकाच दमात येतात, "बरड मुरमाड रान". पण दोन-अडीच हात खोल आणि मुरूम मिसळलेली जमीन मुरमाड असूनही बरड नसते. दिंडोरीकडचे द्राक्षवाले अशी निचऱ्याची जमीन आवडीनं घेतात. तिसरा शब्द भरड, तो दाण्याचा. भरडलेल्या धान्यासारखे जाड कण हातात येतात ती भरड माती. छापताना बरड आणि भरड यांची सर्रास अदलाबदल होते, ती टाळावी.

फरक हातानं कळतो. ओली माती तळव्यावर घेऊन दुसऱ्या तळव्यानं वळायची. काळीची सुतळीसारखी लांब वळी होते आणि ती वाकवून कडं केलं तरी चिरत नाही. मध्यम मातीची वळी होते, पण वाकवताना तुटते. बरडाची वळीच होत नाही, खडे टोचतात आणि माती गळून पडते. दुसरी खूण वाफशाची. चांगला पाऊस पडून गेला की बरडावर दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी वाफसा येतो, औत घालता येतं. काळीत आठवडा गेला तरी पाय रुततात. पण आश्विन-कार्तिकात बरड कोरडं ठाक पडतं, तेव्हा त्याच काळीवर हरभरा नुसत्या ओलीवर येतो. तिच्यातली चिकणमाती पाण्यानं फुगते आणि वाळली की आकसते, म्हणून उन्हाळ्यात हात जाईल एवढ्या भेगा पडतात. वरची माती त्या भेगांत पडून खालवर होत राहते. मृदाशास्त्रात अशा जमिनीला व्हर्टिसोल म्हणतात. आपल्याकडची मध्यम जमीन साधारणपणे इन्सेप्टिसोलमध्ये (थर नुकते बनू लागलेली) बसते आणि माळाची एन्टिसोलमध्ये (थर अजून न बनलेली). वर्गवारी उपयोगाची आहे, पण बियाणं किती टाकायचं ते शेतकऱ्याला "बरड" या एका शब्दात कळतं, आणि मला हा शब्द त्यासाठीच जपावासा वाटतो.

इंग्रजी अमदानीतल्या मोजणीदारांनाही ही बोली वापरावी लागली. गोल्डस्मिड आणि विंगेट या मोजणी अधिकाऱ्यांच्या पद्धतीवर 1847 साली शेतसारा ठरवण्यासाठी जो संयुक्त अहवाल झाला, त्यात जमिनीच्या नऊ प्रती, म्हणजे दर्जे होते, सोळा आण्यांपासून दोन आण्यांपर्यंत. सोळा आणे मिळायचे पावणेदोन हात खोल, बारीक एकसारख्या पोताच्या काळ्या जमिनीला. रंग काळा असला तरी खोली कमी भरली की आणे उतरायचे. शिवाय दोष धरले जायचे आणि प्रत्येक दोषाला एक प्रत खाली. त्यांतले चुनखड आणि उपळवट हे शब्द अस्सल इथले. उपळवट म्हणजे आतून पाणी पाझरून सतत ओली राहणारी. चुनखड आज द्राक्षबागेत पुन्हा रोजचा शब्द झाला आहे, कारण चुना जास्त असला की वेलीला लोह मिळत नाही, शिरा हिरव्या राहून पान पिवळं पडतं.

एक जोडी या चार नावांत नाही, पण पाटपाण्याखालच्या भागात ती नीट वापरायला हवी : खारवट आणि चोपण. खारवट जमिनीवर वाळल्यावर मिठाचा पांढरा थर येतो. चर काढून भरपूर गोड पाणी दिलं की क्षार धुऊन जातात. चोपणात सोडियम मातीच्या कणांना चिकटलेला असतो. ओली असताना ती लोण्यासारखी चिकट आणि वाळली की दगड, पाणी आत शिरतच नाही. तिला जिप्सम घालावं लागतं. नुसत्या पाण्यानं ती सुधारत नाही, म्हणून दोन्हींना सरसकट "खराब जमीन" म्हणणं महागात पडतं.

राहिला सातबारा. त्यावरचे जिरायत, बागायत हे शब्द पाण्याची सोय सांगतात, आणि पोटखराब म्हणजे त्या गटातला लागवडीला न येणारा तुकडा. मातीची जात यात कुठेच नाही. सिन्नरच्या बरडावर तलावातला गाळ टाकून ठिबक केलं की ते बागायत होतं, आणि येवल्यातली तीन हात खोल काळी विहिरीला पाणी नसेल तर जिरायतच राहते.