सोमवारी येण्याआधी हे वाच

बाय,

तुझा मेसेज काल रात्री वाचला. आपल्या नैराश्याच्या अभ्यासावर नेमणुकीची ऑर्डर हातात आली म्हणून खूश आहेस, आणि खाली लगेच "मॅडम, काय वाचून येऊ" विचारलंयस. सगळं कोकण मुंबईला जातं आणि तू एमए करून उलटी मालवणात येतेयस, तेव्हा नीट उत्तर द्यायला हवं. रिसर्च पेपर डिपार्टमेंटच्या फोल्डरमध्ये ढिगाने पडलेत, ते तू वाचशीलच. मी फॉर्मच्या मार्जिनबद्दल लिहितेय, कारण ते तुला कोणी शिकवणार नाही.

फिल्डमधलं आपलं निम्मं काम म्हणजे पीएचक्यू-९, नैराश्य चाचपायची प्रश्नावली. ९ प्रश्न, गेल्या २ आठवड्यांत असं किती दिवस झालं, प्रत्येकाला ० ते ३, बेरीज जास्तीत जास्त २७, आणि १० किंवा वर गेली की डॉक्टरांनी सविस्तर बोलायचं. पाच मिनिटांत उरकतो, तीच त्याची गोची आहे. सातवा प्रश्न लक्ष लागण्याचा आहे आणि त्यात उदाहरण दिलंय पेपर वाचण्याचं नाहीतर टीव्ही बघण्याचं. मासे विकणाऱ्या एका काकीला मी तो जसाच्या तसा वाचून दाखवला तर ती हसायलाच लागली, "गो बाय, माका वाचूक येता खय? पेपरात लक्ष कसला लागतला!" मी ० लिहून पुढे सरकणार एवढ्यात ती टोपलीवरचं फडकं सारखं करत म्हणाली, "पण परवा लिलावात हिशोब चुकलो, दोनदा." तीस वर्षं बंदरावर बोली लावणारी बाई, तिचा हिशोब दोनदा चुकतो आणि माझ्या फॉर्मवर शून्य! आता प्रश्नाचे शब्द आपण आपल्या मनाने बदलायचे नाहीत, बदलले की बाकीच्या अभ्यासांशी आकडे जुळवता येत नाहीत. पण प्रश्न वाचून झाल्यावर "म्हणजे कसं? कधी झालं?" एवढं विचारायला कोणाची ना नाही. ती जे बोलली ते तिच्याच शब्दांत मार्जिनमध्ये लिहायचं, आणि टिक त्यानंतर करायची. आधी टिक केलीस तर तू तिचं बोलणं त्या टिकेला जुळवून ऐकशील, मी केलंय हे, म्हणून सांगतेय.

आणि नववा प्रश्न. मेलेलं बरं किंवा स्वतःला काही करून घ्यावं असे विचार येतात का.

माझं दुसरं वर्ष होतं, आधीच्या एका प्रोजेक्टवर. देवगडच्या बाजूला एका पडवीत एक खलाशी जाळं विणत बसला होता, सुई थांबवली नाही, मान वर केली नाही, म्हणाला, "कधीकधी वाटता, होडी परत येवकच नको." मी "काही दिवस" या रकान्यात १ लिहिला. बेरीज ९ झाली, म्हणजे १० च्या खाली, चहा आला, अजून दोन घरं बाकी होती आणि साडेपाचची एसटी गाठायची होती. एसटीत खिडकीशी बसून फॉर्म चाळताना मार्जिनमधलं त्याचं वाक्य परत वाचलं आणि हातपायच गळाले. पुढच्या थांब्यावर उतरले, तिथे रेंज नाही, एका दुकानातून प्रोजेक्टच्या सरांना फोन लावला, ते आणि एक रेसिडेंट (शिकाऊ डॉक्टर) रात्री नऊला त्या घरी पोचले तेव्हा तो जेवत होता. त्याच्या मनात नुसता विचार नव्हता बाय, बरंच काही ठरलेलं होतं. भावाने घरातल्या काही वस्तू हलवल्या, सकाळी त्याला ओपीडीत आणलं, गोळ्या सुरू झाल्या. पुढे त्याने अभ्यासातून नाव काढून घेतलं, मला भेटायलाही नको म्हणाला. तो त्याचा हक्क होता, पण मला ते अजून लागतं.

म्हणून आता आपल्याकडे नियम आहे की नवव्याला ० सोडून काहीही आलं तर बेरीज कितीही असो, त्या घरातून तसंच उठायचं नाही. नुसता विचार येतो की काही ठरवलंय, साधन घरात आहे का, आधी कधी प्रयत्न केला होता का, रात्री सोबत कोण असतं, हे सगळं सरळ विचारायचं. विचारल्याने डोक्यात भरतं अशी भीती तुला वाटेल, तसं होत नाही, उलट बहुतेकांना कोणीतरी विचारलं याचंच बरं वाटतं. तिथूनच ड्युटीवरच्या डॉक्टरांना फोन, आणि टेलिमानसचा, म्हणजे सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा, नंबर १४४१६ कागदावर लिहून हातात द्यायचा. "तुम्ही सांगितलेलं गुप्त राहील, पण जीवाला धोका दिसला तर डॉक्टरांना कळवावं लागेल" हे संमतीपत्र वाचतानाच सांगून ठेव, नंतर सांगितलंस तर फसवल्यासारखं होतं. घरचे पोलीस केसला घाबरून बोलत नाहीत, त्यांना सांग की २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्याच्या ११५ व्या कलमात आत्महत्येचा प्रयत्न करणारा माणूस तीव्र ताणात होता असंच धरून चालतात, त्याला शिक्षा नाही तर उपचार द्यायचे असतात.

दुसरं म्हणजे सीझन. मुंबईत बसून प्रोटोकॉल लिहिणाऱ्याला हे दिसत नाही. १ जून ते ३१ जुलै यांत्रिक होड्यांची मासेमारी बंद, होड्या वर ओढलेल्या, पैसा नाही, चोवीस तास पाऊस आणि पुरुषमाणूस घरात बसून. त्यात तू पहिला स्कोअर घेतलास आणि फॉलोअप ऑक्टोबरमध्ये, म्हणजे गणपती होऊन गेलेत, चाकरमानी येऊन गेलेत, होड्या बाहेर पडल्यात, हातात पैसा खेळतोय, तर स्कोअर आपोआपच उतरणार! आणि आपण मारे स्लाइड करणार की आपलं समुपदेशन काय मस्त चाललंय. त्यात ज्यांचे आकडे पहिल्यांदा खूप चढे येतात ते दुसऱ्यांदा एरवीही थोडे खाली येतातच. म्हणून त्याच गावातला, त्याच महिन्यातला, समुपदेशन न मिळालेला दुसरा गट लागतो (१० किंवा वरच्यांना डॉक्टर दोन्ही गटांत मिळतातच, काळजी नको). हे मीटिंगमध्ये बोललीस की कोणीतरी म्हणेल, एवढी माणसं कुठून आणणार. तरी बोल.

मीटिंग सोमवारी असते. तिथे एकच रेकॉर्ड केलेली मुलाखत सगळ्यांनी बघायची आणि आपापला स्कोअर द्यायचा, मग किती जुळतंय ते काढतात, त्या आकड्याला 'कप्पा' (kappa) म्हणतात. तुझं पहिल्यांदा जुळणार नाही, त्यात लाज नाही. हॅमिल्टनच्या १७ प्रश्नांच्या नैराश्याच्या स्केलमध्ये शेवटचा इनसाइटचा, म्हणजे आपण आजारी आहोत ही जाण असण्याचा, आहे. मागे एका बाईने "माका बाहेरचा लागला हा" म्हटलं आणि आमच्या रेसिडेंटने २ दिले, म्हणजे आजार मान्यच नाही. मी म्हटलं अरे ती आजारी आहे हे ती कुठे नाकारतेय, देवळात कौल लावून झाला, गाऱ्हाणं घालून झालं, आता तुझ्याकडे आलीय, कारण वेगळं सांगतेय एवढंच, त्याला १. तासभर वाद झाला. असे वाद होऊ देत, या कामातली मजा तिथेच आहे (चहा मात्र भयंकर असतो).

रेसिडेंट लोक चिडचिड करतील, ओपीडी, नाइट ड्युटी आणि थिसिस तिन्ही एकदम असतं त्यांना, मनावर घेऊ नको. पैसे कधीकधी दोन महिने उशिरा येतात, रूमचं भाडं आधी बाजूला ठेव. पेपरवर नाव येणार का हे डेटा गोळा व्हायच्या आधी विचार, नुसते फॉर्म भरले म्हणून नाव येत नाही, लिहिण्यात आणि विश्लेषणात हात पाहिजे, तो हात तू मागून घे.

डिपार्टमेंटची जीप कोणाच्या दारात न्यायची नाही, वाडीच्या तिठ्यावर सोडायची. आपल्याकडे रत्नागिरीचं मनोरुग्णालय १८८६ पासूनचं आहे आणि "ह्येका रत्नागिरीक न्हेवक व्हया" म्हणजे काय हे शेंबड्या पोरालाही कळतं, तुझ्या जीपवरची पाटी तेच बोलते. ग्रुपवर नाव टाकायचं नाही हे तुला माहीत असेल, पण "वाडीतली शिलाई करणारी, नवरा दुबईला" हेही टाकायचं नाही, असं घर त्या वाडीत एकच असतं.

सोमवारी सकाळी दहाला ये, मंगळवारी लगेच फिल्ड आहे. छत्री नको, वाऱ्यात उलटते, रेनकोट आण. फॉर्मना प्लास्टिकची पिशवी, आणि बॉलपेन आण, जेल पेन नको. मागच्या जुलैत एका पोराच्या अख्ख्या दिवसाच्या मार्जिन वाहून गेल्या, टिका तेवढ्या राहिल्या कारण त्या पेन्सिलने केलेल्या.

तुझी
मॅडम