गाडी ठरवण्याआधी चार्जिंग ठरवा

पहिली इलेक्ट्रिक गाडी घेताय, छान! पण मॉडेलांची तुलना जरा बाजूला ठेवा. आधी एवढंच बघा, गाडी रात्री उभी राहते तिथे वीज मिळते का?

मिळत असेल तर निम्मं काम झालं. २३० व्होल्टच्या १६ अँपिअर सॉकेटमधून साधारण ३ किलोवॅट मिळतात, म्हणजे रात्रभरात दीडशेएक किलोमीटरची सोय. रोजच्या ये-जा करण्याला हे भरपूर आहे. मात्र एक्स्टेन्शन बोर्ड लावू नका. तासन्‌तास चालणाऱ्या लोडने सैल प्लग तापतो, वितळतोसुद्धा. वायरिंग आणि अर्थिंग इलेक्ट्रिशियनकडून तपासून घ्या.

इमारतीत राहत असाल तर परवानगी लेखी घ्या, तीही बुकिंगच्या आधी. नवखे लोक इथेच सर्वात जास्त अडकतात. तोंडी होकार ऐनवेळी फिरतो आणि गाडी दारात येऊन उभी असते.

घरी सोय नाहीच? तरी हिरमुसू नका. कामाच्या ठिकाणी विचारा. जवळच्या सार्वजनिक चार्जरवर संध्याकाळी स्वतः जाऊन या: तो चालू आहे का, रांग किती, प्लग तुमच्या गाडीचाच आहे का. नुसत्या नकाशावर विसंबू नका.

आणखी दोन चुका टाळा:
- फास्ट चार्जरवर १०० टक्क्यांचा हट्ट. ८० नंतर वेग बराच मंदावतो, मागचे ताटकळतात.
- जाहिरातीतली रेंज (एका चार्जमध्ये गाडी किती धावते ते अंतर) खरी धरणं. हायवेचा वेग आणि कडाक्याची थंडी, दोन्हींत ती घटते.

बॅटरीची केमिस्ट्री वगैरे नंतर बघू. आधी तुमच्या पार्किंगची स्थिती सांगा.