ख्रिस्ती लोक म्हणतात ‘अशक्तपणातच शक्ती मिळते’. मी लहानपणापासून आजारी आहे, मला नुसता थकवाच जाणवतो. ही शक्ती शोधायची कुठे? मंडळीत (चर्चमध्ये) सांगतात, विश्वास वाढव.

तुमच्या प्रश्नात शेवटी एक वाक्य आहे, ‘मंडळीत सांगतात, विश्वास वाढव.’ त्या वाक्यासाठीच लिहायला बसले.

मला सिकलसेल आहे. वाहक नाही, पूर्ण आजार. आमच्या नवापूर भागात हे कुणाला समजावून सांगावं लागत नाही. थंडी पडली, ताप आला किंवा पाणी कमी प्यायलं गेलं की रक्तातल्या पेशी विळ्यासारख्या वाकतात, बारीक नसांत अडकतात आणि मांडीचं हाड कुणी आतून पिळतंय असं होतं.

नाताळाच्या आधीचे दिवस माझे बहुतेक अंथरुणातच जातात. एका वर्षी नेमकी तेव्हाच गावात चंगाई सभा, म्हणजे प्रार्थनेने आजार बरे करण्याची सभा, भरली. मांडव, कीबोर्ड, बाहेरगावचे सेवक, म्हणजे प्रचारक. दाजींनी, म्हणजे थोरल्या बहिणीच्या मालकांनी, मला उचलून पहिल्या रांगेत नेऊन बसवलं. सेवकांनी डोक्यावर हात ठेवून प्रार्थना केली आणि म्हणाले, ‘ऊठ, चाल.’ मी उठले. टाळ्या पडल्या, हालेलुया झालं, आणि मी पुढची खुर्ची घट्ट धरली, कारण गुडघा वळत नव्हता. माईक चालूच होता. ‘बहिणीच्या विश्वासात कुठेतरी खोट आहे,’ हे मांडवाबाहेर चहा पीत उभ्या असलेल्यांनीही ऐकलं. घरी परतताना दाजी म्हणाले, ‘गोळ्या घेतेस ना, तीच तुझी शंका. देवाला जागा कुठे ठेवलीस?’

दुखत असताना वाद घालता येत नाही. आता घालते.

बायबलमधल्या प्रेषित पौलाने शरीरातला काटा, म्हणजे कसलंसं दुखणं, जावा म्हणून प्रभूला तीनदा विनंती केली. काटा गेला नाही. ‘माझी कृपा तुला पुरे आहे, कारण अशक्तपणातच माझी शक्ती पूर्णतेस येते’ असं उत्तर मिळालं; तुमच्या प्रश्नातलं वाक्य इथलंच. मग पौलाचा विश्वास कमी पडला का? त्याच पौलाने आपला सोबती त्रफिम याला आजारी म्हणून मिलेतात मागे ठेवलं. आपला शिष्य तीमथ्य याला पोटासाठी थोडा द्राक्षारस घे म्हणून कळवलं, म्हणजे त्या काळचं औषधच की. आणि हे काट्याचं पत्र गेलं कुणाला? करिंथच्या मंडळीला. तिथे भपकेबाज प्रेषितांचं फार कौतुक. पौलाबद्दल म्हणायचे, पत्रं वजनदार, माणूस समोर आला की अगदीच किरकोळ. त्या मोठेपणाला उत्तर म्हणून तो आपल्या अशक्तपणाची बढाई मारतो. हे सगळं त्या पत्राच्या दहाव्या अध्यायापासून येतं; दाजी तो वाचत नाहीत, थेट बाराव्यावर येतात आणि तोही अर्धाच वाचतात.

आता शक्तीचं. माझ्यापुरतं सांगते. भातलावणी मला जमत नाही. गार चिखलात दिवसभर वाकून राहिलं की दवाखाना ठरलेला. हे मी बांधावर उभी राहून सरळ सांगते, ‘जमणार नाही.’ बायका लावणी करतात, मी त्यांची पोरं सांभाळते, बँकेचे आणि रेशनचे कागद भरून देते. लाज गेली, आणि लाज लपवण्यात जो जीव जायचा तो वाचला. मला शक्ती मिळाली ती एवढीच, पण पुरते.

आणखी एक. गलतीकरांना पौल आठवण करून देतो की आजारपणामुळेच मी तुम्हाला पहिल्यांदा सुवार्ता सांगितली. हे मला वॉर्डात पटलं. मला सलाईन लावलेली, शेजारच्या खाटेवर कॉलेजची पोर भिंतीकडे तोंड करून रडत होती. तिलाही सिकलसेल, आणि लग्न मोडणार ही धास्ती. मी वचन वगैरे काही सांगितलं नाही. म्हटलं, ‘रड, पण पाणी पीत रड, नाहीतर अजून दुखेल.’ ती हसली आणि बाटली तोंडाला लावली. हे तिला सेवकांनी सांगितलं असतं तर तिने ऐकलं नसतं.

याचा अर्थ आजार ही देवाची देणगी आहे असा कुणी काढू नये. तसं म्हणणाऱ्याने डिसेंबरातली एक रात्र माझ्या खाटेवर काढावी. हायड्रॉक्सीयुरिया, फॉलिक अॅसिड, सिकलसेलचं जे औषध चालू असेल ते प्रार्थनेच्या नावाखाली बंद करू नका. लग्नाआधी दोघांचं रक्त तपासा. दोघेही वाहक निघाले तर दर बाळंतपणात बाळाला आजार असण्याची शक्यता चारात एक असते. हे पाळकांनी व्यासपीठावरून सांगायला हवं, पण तिथे माईक दुसऱ्याच कामाला लागतो.

दाजी माणूस वाईट नाहीत, हेही सांगायला हवं. रात्री-अपरात्री दुखायला लागलं की गाडी तेच काढतात. रस्ताभर सैतानाला दम देतात, तेवढं सोडलं तर चालवतात चांगली.

तुम्ही आजाराचं नाव लिहिलेलं नाही. नुसता थकवाच असेल तर आधी हिमोग्लोबिन बघून घ्या. माझं घसरलं होतं तेव्हा मलाही ‘आत्मिक कोरडेपणा आलाय’ असंच सांगितलं होतं. कुणी ते विचारू नका.