लेक जर्मनीला चालली आहे: ई-सिम घ्यावं की ओपन सोर्स व्हिडिओ कॉलिंग वापरावं?

तुमचं म्हणणं असं, की लेक ऑक्टोबरमध्ये म्युनिकला एमएससाठी जाते आहे, घरी तुम्ही दोघं आणि आजी. मग ई-सिमवर (प्लास्टिकच्या कार्डाऐवजी फोनमध्येच उतरवायचं सिम) पैसे घालवावेत की जित्सीसारख्या फुकट, ओपन सोर्स (ज्यांचा कोड सगळ्यांना खुला असतो अशा) व्हिडिओ कॉलच्या साधनांवर भागेल? मी नेटवर्कचं काम करतो आणि हा प्रश्न ओळखीतले लोक दर वर्षी विचारतात. यातलं एक घेतलं म्हणून दुसरं टळत नाही. नंबर, डेटा आणि कॉल या तीन गोष्टी आधी सुट्या करा, म्हणजे निम्मा गोंधळ जातो.

नंबर. तिचा भारतातला नंबर बँकेच्या ओटीपीसाठी चालू राहायलाच हवा, आणि तो प्लास्टिकच्या सिमवरच असू द्या असं माझं ठाम मत आहे. परदेशात फोन पडून बंद झाला तर ते सिम काढून दुसऱ्या फोनात घालता येतं. ई-सिमची चिप फोनच्या बोर्डावरच बसवलेली असते, ती निघत नाही. निघण्यापूर्वी आंतरराष्ट्रीय रोमिंग सुरू करून घ्या, पण त्या सिमचं डेटा रोमिंग मात्र बंद ठेवा, नाहीतर बिल बघून घाम फुटेल.

डेटा. इथे ई-सिम खरोखर कामाचं आहे. जर्मनीत २०१७ पासून प्रीपेड सिमलासुद्धा ओळख पटवावी लागते, त्यामुळे तिथलं सिम उतरल्या उतरल्या सुरू होईलच असं नाही. तेवढ्या दिवसांपुरतं प्रवासी ई-सिम घ्या. आधी तिच्या फोनवर *#०६# दाबून बघा. आयएमईआय या फोनच्या ओळख क्रमांकाबरोबर ईआयडी नावाचा, ई-सिमच्या चिपचा ३२ आकडी क्रमांक दिसला तर फोनमध्ये सोय आहे. विकणाऱ्याने पाठवलेला क्यूआर कोड घरच्या वायफायवरच स्कॅन करा, कारण प्रोफाइल, म्हणजे त्या सिमची माहिती, फोनमध्ये उतरवायला इंटरनेट लागतं आणि विमानतळावर नेमकं तेच नसतं. तो कोड बहुतेक वेळा एकदाच चालतो. प्रोफाइल चुकून डिलीट करू नका. मुदत स्कॅन केल्यापासून मोजतात की तिथल्या नेटवर्कला जोडल्यापासून, तेही विकत घेण्याआधी वाचा.

विकणारा कोण, हेही बघा. परदेशी सिम भारतात विकायला दूरसंचार विभागाचं ना हरकत प्रमाणपत्र लागतं. ते नसल्यामुळे जानेवारी २०२४ मध्ये एअरालो आणि होलाफ्लाय यांची ॲप्स भारतातल्या ॲप स्टोअर आणि प्ले स्टोअरवरून काढली गेली होती.

आता जिथे ई-सिम आणि व्हिडिओ कॉल एकमेकांना भिडतात तो भाग, जो जाहिरातीत कधीच नसतो. प्रवासी ई-सिम विकणाऱ्या बऱ्याच कंपन्यांचं स्वतःचं नेटवर्क नसतं. त्या तिसऱ्याच देशातल्या कंपनीचं रोमिंग विकतात. मुलगी म्युनिकमध्ये, पण तिचा डेटा इंटरनेटवर बाहेर पडतो तो त्या तिसऱ्या देशातून. ब्राउझरमध्ये स्वतःचा आयपी पत्ता (इंटरनेटवरचा फोनचा पत्ता) शोधला की कुठला देश ते दिसतं. तो देश लांबचा असेल तर सिग्नलच्या काड्या पूर्ण असूनही आवाज उशिरा पोचतो, दोघी एकाच वेळी बोलतात, मग दोघीही थांबतात. अशा वेळी ॲप बदलून काही होत नाही. शिवाय येणारं-जाणारं मिळून सेकंदाला २ मेगाबिट धरलं तर व्हिडिओ कॉलला तासाला सुमारे ९०० एमबी लागतात, म्हणजे ५ जीबीचा पॅक साडेपाच तासांत संपतो. म्हणून आठवड्या-दोन आठवड्यांत तिने जर्मन सिम घ्यावंच. ते युरोपीय संघातल्या इतर देशांत फिरतानाही जर्मनीतल्याच दरात चालतं, हा नियम जून २०१७ पासूनचा.

कॉल. आजीसाठी जित्सी मीट. व्हॉट्सॲपवर लिंक पाठवायची, आजीने ती दाबायची. खातं नको, पासवर्ड लक्षात ठेवणं नको. मीट.जित.सी या त्यांच्या सार्वजनिक सर्व्हरवर ऑगस्ट २०२३ पासून खोली, म्हणजे कॉलची जागा, उघडणाऱ्याला लॉगिन करावं लागतं, ते लेकीने करावं. दोघंच बोलत असतील तर जित्सी शक्यतो दोन फोन थेट जोडतो. तिसरा माणूस आला की कॉल सर्व्हरवर सरकतो आणि चित्र क्षणभर अडखळतं. आजीला आधीच सांगून ठेवा, नाहीतर ती घाबरून फोन ठेवून देते. खोलीचं नाव ‘घर’ किंवा ‘कुटुंब’ असं ठेवू नका, अंदाजाने कोणीही आत येऊ शकतो. लांबलचक नाव द्या आणि लॉबी चालू करा, म्हणजे परवानगी दिल्याशिवाय कोणी आत येत नाही.

मायलेकींच्या रोजच्या बोलण्यासाठी मात्र मी सिग्नल सुचवेन. त्याचाही कोड खुला आहे, कॉल दोन्ही टोकांना कूटबद्ध असतात आणि तो साध्या फोनसारखा वाजतो, लिंकची वाट बघावी लागत नाही. नोंदणीला नंबर लागतो, तेव्हा भारतातल्या नंबरवर ती इथेच उरकून घ्या. याच प्रकारची आणखी दोन ओपन सोर्स साधनं आहेत: बिगब्लूबटन वर्गात शिकवण्यासाठी उत्तम, घरच्यांसाठी नाही. नेक्स्टक्लाउड टॉक घरात कोणी स्वतःचा सर्व्हर सांभाळत असेल तरच.

वसतिगृहाच्या वायफायवर जित्सीचं चित्र सारखं गोठत असेल तर बहुधा तिथे जित्सीचा आवाज-चित्र ज्यातून जातं तो यूडीपीचा १०००० क्रमांकाचा पोर्ट (नेटवर्कमधला दरवाजा) बंद असतो आणि कॉल वेबसाइट्सच्या ४४३ क्रमांकाच्या पोर्टवरून कसाबसा चालतो. तेव्हा तिला मोबाईल डेटावर यायला सांगा, आणि पॅक संपत आला असेल तर व्हिडिओ बंद करून नुसता आवाज ठेवा.